तीन मनोरे आणि एक घंटा

शासकीय सेवेतील सुरुवातीची काही वर्षे पणजीत मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयात गेली. आदिलशाही राजवाडा या नावाने ती वास्तू ओळखली जाते. जाड भिंती, लाकडी जिने, उंच खिडक्या आणि त्यांतून येणारा नदीचा वारा यांची सवय होण्यास फार दिवस लागले नाहीत. सवय झाली नाही ती एका आवाजाची. दुपारचे बारा वाजले की टेकडीच्या अंगाने घंटेचा एक खोल, सावकाश विरत जाणारा नाद येई. लेखणी क्षणभर थांबत असे. आमच्या आमोण्यात बेताळाच्या देवळातली घंटा लहानपणापासून ऐकलेली. पण हा नाद निराळा होता. तो कानावर आदळत नसे, अंगावरून पाण्यासारखा वाहून जाई.

एके दिवशी शेजारच्या टेबलावरील वयोवृद्ध ख्रिस्ती सहकाऱ्याला मी या घंटेविषयी विचारले. फायलीतून मान वर न करताच ते म्हणाले, "अरे बाब, ती घांट पणजेची न्हय. ती जुन्या गोंयची. आग्वाद भोंवून हांगा पावल्या." एवढेच बोलून ते पुन्हा कामाला लागले. ती घंटा जुन्या गोव्याची आहे आणि आग्वादचा फेरा घालून इथे पोचली आहे, ही गोष्ट मात्र माझ्या मनात कायमची राहिली. पुढे निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा तिचा मागोवा घेतला. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, आणि त्या निमित्ताने आपल्याच घरातील काही विसरलेल्या गोष्टींची आठवण करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

या घंटेचे मूळ घर जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवर होते. ऑगस्टिनी पंथाचे पाद्री १५७२ मध्ये गोव्यात आले. त्यांनी या टेकडीवर आपला मठ आणि त्याला लागून कृपामातेची भव्य इगर्ज उभारली. इगर्जेचे बांधकाम १६०२ मध्ये पूर्ण झाले. दर्शनी बाजूस दोन मनोरे होते आणि त्यांची उंची सुमारे ४६ मीटर होती. आज त्यांपैकी एकाच मनोऱ्याचा भग्न अवशेष उभा आहे. जांभ्या दगडाचे हे काम पाहिले की आपल्याकडच्या गवंड्यांच्या हातचे कसब जाणवल्याशिवाय राहत नाही. हा जांभा आपल्याच भूमीतला. घरांच्या पायांत, विहिरींच्या बांधकामात आणि देवळांच्या प्राकारांत आपण तो रोज पाहतो. त्याच दगडाची इतकी उंची त्या टेकडीवर साधली गेली होती.

ज्या काळात ही इगर्ज उभी राहिली, तो जुन्या गोव्याच्या वैभवाचा काळ. मांडवीतून येणाऱ्या गलबतांना तिचे मनोरे दूरवरून दिसत असतील. परंतु वैभवाचे दिवस फार टिकले नाहीत. साथीच्या रोगांनी शहर पोखरले. व्हाइसरॉयने १६९५ मध्ये आपला मुक्काम पाणेलीला हलवला आणि १७५९ मध्ये तो पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आणला. राजधानीचा औपचारिक दर्जा पणजीला १८४३ मध्ये मिळाला. शहर हळूहळू रिकामे होत गेले तशी जुन्या इमारतींची दारे, खिडक्या आणि दगड नव्या शहरासाठी वाहून नेण्यात आले. एका शहराचे दुसऱ्या शहरात असे तुकड्यातुकड्यांनी स्थलांतर झाले.

ऑगस्टिनी मठावर खरा घाला पडला तो १८३५ मध्ये. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी राजवट आली आणि तिने धार्मिक पंथांचे मठ बंद केले. तोच हुकूम गोव्यातही लागू झाला. पाद्र्यांना मठ सोडावे लागले आणि मठांची मालमत्ता सरकारजमा झाली. ज्या राज्यसत्तेने सोळाव्या शतकात या पंथांना हात दिला होता, तिनेच तीन शतकांनंतर त्यांना उंबरठ्याबाहेर काढले. पुढे ओस पडलेल्या वास्तूची जी गत होते तीच या इगर्जेची झाली. छतावर झाडे उगवली आणि पावसाचे पाणी भिंतींत मुरले. १८४२ मध्ये इगर्जेचे मोठे कमानदार छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. १९३८ मध्ये आणखी काही भाग पडला.

मनोऱ्यातील मोठी घंटा मात्र छत कोसळण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८४१ मध्ये, तेथून हलवण्यात आली होती. ती गेली मांडवीच्या मुखाशी, आग्वादच्या किल्ल्यावरील दीपगृहात.

आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पूर्ण केला. तेथील गोड्या पाण्याच्या झऱ्यावरून त्याला ते नाव मिळाले. समुद्रावरून येणारी जहाजे येथे पाणी भरून घेत. ज्या घंटेने दोन-सव्वादोन शतके मठवासीयांना प्रार्थनेसाठी बोलावले, ती आता समुद्राच्या तोंडाशी, वाऱ्यापावसात, दर्यावर्द्यांच्या वाटेवर टांगली गेली. तिचे सोबती बदलले. धुपाच्या जागी खारा वारा आला आणि मंत्रपठणाच्या जागी लाटांचा घोष. या मुक्कामात तिने ३० वर्षे काढली.

१८७१ मध्ये तिला तिसरे घर मिळाले. पणजीच्या टेकडीवर निष्कलंक मातेची इगर्ज फार पूर्वीपासून होती. १५४१ मध्ये तेथे लहानसे प्रार्थनास्थळ होते आणि १६१९ मध्ये त्याचे मोठ्या इगर्जेत रूपांतर झाले. लिस्बनहून येणारे खलाशी मांडवीत शिरले की सुखरूप पोचल्याबद्दल पहिली कृतज्ञता येथे व्यक्त करीत, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात पणजी राजधानी झाली तसे या इगर्जेचे रूप पालटले. नागमोडी, पांढरेशुभ्र जिने १८७० च्या सुमारास उभे राहिले. दर्शनी भागाच्या मधोमध घंटेसाठी उंच जागा करण्यात आली आणि आग्वादहून आणलेली घंटा तेथे बसवण्यात आली.

आज पणजीचे नाव काढले की ज्या इगर्जेचे चित्र डोळ्यांपुढे येते, तिचा तो उंच मधला माथा या घंटेमुळे घडला. सामान्यतः घरात वस्तू आणताना घराच्या मापाने वस्तू निवडतात. येथे घंटेच्या मापाने घर उंचावले गेले. घंटेचे वजन सुमारे २२५० किलो असल्याचे सांगतात. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या प्रसिद्ध सुवर्णघंटेखालोखाल गोव्यातील ही सर्वांत मोठी घंटा होय. एवढी वजनदार घंटा मनोऱ्यातून उतरवणे, पाण्याच्या वाटेने वा बैलगाड्यांतून नेणे आणि पुन्हा उंचावर चढवणे हे काम त्या काळी दोर, कप्प्या, ओंडके आणि माणसांचे खांदे यांवरच अवलंबून होते. ते खांदे कोणाचे होते याची नोंद इतिहास ठेवत नाही. मात्र अशी ओझी वाहणारी माणसे बहुधा येथलीच असत, एवढे आपण समजू शकतो.

येथे घंटेच्या जातीविषयी दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. इगर्जेतील आणखी एक मोठे वाद्य म्हणजे नळ्यांचा ऑर्गन. मराठी माणसाला ऑर्गन म्हटले की संगीत रंगभूमीवरील पायपेटी आठवते. ती याच घराण्यातील, पण पट्ट्यांवर वाजणारी धाकटी भावंडे. इगर्जेतील मोठा ऑर्गन शेकडो, कधी हजारो नळ्यांचा असतो. तो एका इगर्जेतून दुसऱ्या इगर्जेत न्यायचा तर नळी नळी सुटी करून, क्रमांक घालून न्यावी लागते. नव्या जागेत तो उभा राहिला की प्रत्येक नळीचा स्वर पुन्हा जुळवावा लागतो, कारण प्रत्येक दालनाचा घुमारा निराळा असतो. म्हणजे ऑर्गन नव्या घराशी जुळवून घेतो. घंटेला ही मुभा नाही. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असे हे मिश्रण, ज्याला आपण कासे म्हणतो, एकदा साच्यात ओतले आणि थंड झाले की तिचा स्वर जन्मभराचा ठरला. जाड ओठ असलेल्या मोठ्या घंटेत एकाच ठोक्यातून अनेक स्वर उमटतात. खालचा घुमारा सर्वांत शेवटी विरतो. घंटा कोठेही न्या, ती आपल्या जन्मस्वरातच बोलते. तडा गेला तर मात्र पूर्वीचा नाद जातो. घंटा वितळवली, तर मग जी नवी घंटा ओतली जाते ती दुसरीच घंटा असते.

डिचोलीच्या कांसारांच्या आळीत ज्यांनी समया आणि घंटा घडताना पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. धातू तोच राहतो, नाद जातो.

आता थोडे आपल्या अंगणाकडे वळू. आमोण्याहून मांडवी खाली जाते ती बेटांमधून वाट काढीत. दिवाडी, चोडण, सांतइस्तेव ही नावे आपल्या घराण्यांच्या कथांत वारंवार येतात. सोळाव्या शतकात या बेटांवरून आणि तिसवाडी, साष्टी व बारदेशमधून देव निघाले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला आली. चोडणचा देवकीकृष्ण मये गावी काही काळ राहून माशेलला स्थिरावला. दिवाडीचा महागणपती फिरत फिरत खांडोळ्यास आला, आणि खांडोळे तर आमोण्याच्या समोरच्या तीरावर. नदीच्या अलीकडे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती, म्हणून देवांना अलीकडे आसरा मिळाला. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. तोपर्यंत जवळजवळ अडीचशे वर्षे मांडवी ही दोन जगांमधली सीमा होती.

या स्थलांतरांत सर्वांत अर्थपूर्ण कथा सप्तकोटेश्वराची. कदंब राजे स्वतःला सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाने राज्य लाभलेले म्हणवीत. दिवाडीवरील त्यांचे हे देवालय चौदाव्या शतकात बहमनी आक्रमणात उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पुढे पोर्तुगीजांनी ते पाडले. लिंग विहिरीच्या कामी वापरले गेले होते असे सांगतात. तेथून ते सोडवून नदीपलीकडे डिचोली महालात नार्व्यास आणण्यात आले. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवालयाच्या जीर्णोद्धाराचा आरंभ केला. तसा शिलालेख दारावर आहे. महाराष्ट्रातून येथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांना हा शिलालेख अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, यात नवल नाही. आपणही घाटावरून, कोकणातून, सावंतवाडीच्या बाजूने आलो. आपल्या आधी आपल्या राजाचा शब्द येथे पोचला होता. अलीकडे राज्य शासनाने या देवालयाचे पुनरुज्जीवन केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते लोकार्पित झाले.

म्हणजे सोळाव्या शतकात देव नदी ओलांडून अलीकडे आले. एकोणिसाव्या शतकात, वेगळ्या कारणाने, त्याच टेकड्यांवरील मठांची घंटा बेघर होऊन नदीच्या मुखाकडे गेली. या दोन घटना मी तराजूच्या दोन पारड्यांत घालीत नाही. एकीकडे एका धर्माने दुसऱ्याच्या देवावर हात टाकला होता. दुसरीकडे एकाच धर्माच्या राज्यसत्तेने आपल्याच मठांना कुलूप लावले होते. दोहोंत मोठे अंतर आहे, आणि ते पुसून टाकणे हे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही हलवलेल्या वस्तूला पुन्हा मान मिळतो कसा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच मिळते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. दीर्घ वेढ्यानंतरचा तो विजय होता आणि त्याची खूण म्हणून वसई परिसरातील इगर्जांतील घंटा मराठी सरदारांनी आपल्याबरोबर नेल्या. त्या देवळांत वाहिल्या गेल्या. भीमाशंकर, पालीचा बल्लाळेश्वर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ या ठिकाणी अशा घंटा भाविकांनी पाहिल्या असतील. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यालगत कृष्णाकाठी जी घंटा आहे, ती १७०७ सालची असून तिचे वजन सुमारे ६५० किलो आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे.

मेणवलीला मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया होत्या, मुले पाण्यात उड्या मारीत होती. घंटेखाली उभा राहून मी त्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिलो. ज्यांनी ही घंटा युद्धात जिंकून आणली, ते पोर्तुगीजांच्या अत्याचारांच्या कथा ऐकत वाढलेले लोक होते. त्यांच्या हाती छिन्नी होती, कारागीर होते, अधिकारही होता. ती आकृती खरवडून टाकणे हे अर्ध्या दिवसाचे काम होते. त्यांनी ते केले नाही. घंटा देवाला वाहिली ती तिच्या मूळ खुणेसह. विजयाची नशा आणि वस्तूचा मान या दोन गोष्टी त्यांना निराळ्या ठेवता आल्या. त्या माणसांचे मोठेपण मला तेथे, त्या घाटावर, तलवारीच्या कथांपेक्षा अधिक जाणवले.

पणजीच्या घंटेचेही तसेच आहे. ती पणजीची झाली, तरी ऑगस्टिनी मठाची घंटा ही तिची ओळख कोणी पुसली नाही. माझ्या त्या सहकाऱ्याला ती ठाऊक होती. कोणत्याही पुस्तकात न वाचता, घरातल्या मोठ्यांकडून ऐकून ठाऊक होती. घंटेबरोबर तिची कथाही हलवली गेली होती. याउलट पणजीच्याच फोंताइन्यास भागातील सां सेबास्तियांवच्या कपेलातील क्रूसाची कथा पाहा. जुन्या गोव्यातील धर्मसमीक्षण न्यायालयातून हा क्रूस १८१२ मध्ये, ते न्यायालय बंद झाल्यावर, आदिलशाही राजवाड्यात आणि तेथून १९१८ मध्ये या कपेलात आला. ज्या न्यायालयापुढे येथील हिंदू आणि नवख्रिस्ती दोघेही थरथरले, त्याची ही खूण. तीही कोणी लपवली नाही. क्रूसावरील येशूचे डोळे उघडे आहेत, ही गोष्ट कपेलात येणाऱ्याला आवर्जून सांगितली जाते. दुःखाच्या वस्तूलाही ओळख असू द्यावी, हा त्यामागील विवेक असावा.

आता या लेखाचे खरे कारण. ते सांगण्याचे मी इतका वेळ टाळत आलो.

नोकरीच्या मधल्या काळात माझी काही वर्षे मामलेदार कचेरीत गेली. गोव्यात १९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. देवस्थानांच्या जंगम मालमत्तेच्या याद्या तपासणे हेही त्या कामाचा भाग. आमच्याच भागातील एका देवळाचा जीर्णोद्धार सुरू होता. जुने लाकडी खांब उतरले, कौले गेली आणि सिमेंटचे नवे काम आले. त्या यादीत एक ओळ होती: मोठी घंटा, एक, फुटकी. वजन किलोत लिहिलेले. शेरा होता की नवी घंटा आणल्यामुळे जुनी मोडीत काढण्यास हरकत नाही.

मी त्या ओळीवर सही केली. देवळात जाऊन घंटा पाहिली नाही. पुढे काही वर्षांनी त्या गावच्या एका वृद्ध पुजाऱ्याने बोलता बोलता सांगितले की त्या घंटेच्या काठावर अक्षरे होती. कोणती, ते त्यांना वाचता येत नव्हते. देवनागरी नव्हती एवढे मात्र नक्की. त्यांच्या आजोबांच्या तोंडून त्यांनी ऐकले होते की ती घंटा बाहेरून आली होती. कोठून, ते आजोबांनाही माहीत नसावे. कदाचित ती वसईच्या बाजूची असेल. कदाचित बेटांवरील एखाद्या ओस पडलेल्या इगर्जेची असेल. कदाचित एखाद्या जहाजाची. आता हे कधीच कळणार नाही. माझ्या सहीने तो प्रश्न भट्टीत गेला.

नियमाप्रमाणे माझी चूक नव्हती. घंटा फुटकी होती, यादी बरोबर होती आणि वजनाची नोंद होती. परंतु नियमात जे मोजले जाते तेवढेच वस्तूत असते, असे समजण्याची खोड आम्हा अधिकाऱ्यांना लागते. वजन लिहिले, अक्षरे लिहिली नाहीत. फुटक्या घंटेचा नाद गेलेला असतो हे खरे. तिच्या अंगावरची अक्षरे मात्र गेलेली नसतात. पणजीच्या घंटेचा इतिहास शोधताना मला सतत त्या ओळीची आठवण होत राहिली. तीन मनोरे बदललेली घंटा आपली गोष्ट सांगत आहे, आणि आमच्या गावाजवळची एक घंटा माझ्या दुर्लक्षाने मुकी झाली.

२०२२ च्या अर्थसंकल्पात राज्य शासनाने पोर्तुगीज काळात पाडलेल्या देवालयांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली. या विषयावर मतमतांतरे झाली, पुढेही होतील. त्या वादात मी पडत नाही. मला एवढेच वाटते की जे पाडले गेले ते पुन्हा उभारण्याची इच्छा जितकी स्वाभाविक, तितकीच निकडीची गोष्ट म्हणजे आज जे उभे आहे, टांगलेले आहे, कोपऱ्यात पडलेले आहे, त्याची नोंद. सोळाव्या शतकात काय गेले याचे दुःख आपण करतो आणि ते रास्त आहे. गेल्या ४० वर्षांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपल्याच हातांनी काय गेले, याचा हिशेब कोणी मांडला आहे का? लाकडी कोरीव खांब, जुने दीपस्तंभ, वीरगळ, नागपूजेच्या शिळा, तांब्याची भांडी, घंटा. त्यांतील कितीतरी गोष्टी एखाद्या बेटावरून, एखाद्या घाटावरून, एखाद्या लढाईतून येथे आल्या असतील.

जुन्या गोव्यातील चर्चेस आणि मठ १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. ऑगस्टिनी मठाचे अवशेषही त्यांत आहेत. तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात जॉर्जियाच्या राणी केटेवानच्या अस्थींचे अवशेष सापडले. १६२४ मध्ये इराणातील शिराझ येथे तिला धर्म न सोडल्याबद्दल मारण्यात आले होते आणि ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या होत्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत जनुकीय तपासणीने त्यांची ओळख पटली आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांतील काही भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. चारशे वर्षांनंतर एका राणीला आपला देश मिळाला. हे शक्य झाले, कारण मठाच्या जुन्या कागदांत अस्थी कोणत्या जागी ठेवल्या आहेत याची एक नोंद होती. एका ओळीच्या नोंदीने एवढे घडते. एका ओळीच्या हलगर्जी नोंदीने काय घडते, तेही मी पाहिले आहे.

म्हणून आपल्या मंडळाच्या सभासदांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या देवस्थानाचे महाजन आहेत, समितीवर आहेत. पुढच्या जत्रेपूर्वी एका दुपारी आपल्या देवळातील घंटा खाली उतरवून पाहावी. उतरवता येत नसेल तर शिडी लावून पाहावी. तिच्या अंगावरची अक्षरे, आकृती, साल, तडे, सर्व कागदावर उतरवून घ्यावे. अक्षरे वाचता आली नाहीत तर कागद ठेवून कोळशाने ठसा घ्यावा. छायाचित्र तर आज प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर निघते. देवळातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे की ही घंटा कोठून आली. उत्तर मिळो न मिळो, प्रश्नाची नोंद ठेवावी. अशा नोंदी या अंकात प्रसिद्ध करण्याची सोय संपादकांनी करावी, असे मी सुचवतो. आमोणे आणि आसपासच्या गावांपासून आरंभ करण्यास मी तयार आहे. गुडघे अजून शिडी चढू देतात.

राज्य विधानसभा २००० मध्ये पर्वरीच्या टेकडीवर गेली. पुढे सचिवालयही तेथे गेले, आणि आम्ही कर्मचारीही हललो. नव्या इमारतीत खिडक्या बंद असत आणि घंटेचा नाद कधी ऐकू येत नसे. गेल्या वर्षी ८ डिसेंबरच्या फेस्ताला पणजीला जाण्याचा योग आला. जिन्यांवर गर्दी होती, पायथ्याशी खाज्यांची दुकाने लागली होती. दुपार झाली आणि तो जुना नाद आला. शेजारी उभ्या असलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, ही घंटा किती जुनी?" मी त्याला जुन्या गोव्याच्या टेकडीपासून आग्वादच्या दीपगृहापर्यंतची आणि तेथून या जिन्यांपर्यंतची सारी वाट सांगितली. मग त्याने सहज विचारले, "आपल्या देवळातली घंटा कुठून आली?"

मला उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघे शिडी घेऊन देवळात गेलो.